नाल्याची बाटली

झाकण निघता निघेना. फोरमनने बाटली गुडघ्यांत धरली आणि पुन्हा पिळलं. आत न्हाणीघरात बिट्टीचं अंघोळ करता करता भाषण चाललं होतं, "आदरणीय पाहुणे आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो..." ते संपायच्या आत हे उरकायला हवं होतं.

बाटलीवर तिच्या गोल गोल अक्षरात चिठ्ठी होती: नाला, कारखान्यामागे.

आज शाळेत विज्ञान प्रदर्शन. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, कारखान्यात धातूला मुलामा चढवायच्या टाक्या असतात, त्यांतलं विष असलं तर पाणी जांभळं होणार, नसलं तर नाही. आणि एवढ्या मोठ्या जगात हिला सापडला नेमका बापाच्याच कारखान्याचा नाला. बक्षीस द्यायला येणार कोण, तर मालक. म्हणजे झालंच.

काल मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"टाक्यांतलं पाणी नाल्यात सोडणं आपण केव्हाच बंद केलंय. सगळं मागच्या खड्ड्यात जिरवतो, तू स्वतःच बघतोस. पण जुना गाळ आहे रे. चारचौघांत काही निघालं तर लोक अंगावर येतील." मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "राहायला बरं आहे ना तिथं?"

राहायची जागा कारखान्याचीच होती, मागल्या कुंपणाला लागून. नोकरी गेली की घरही जाणार, हे काय वेगळं सांगायला हवं?

झाकण एकदाचं निघालं. त्याने नाल्याचं पाणी परसात ओतलं, हापशाखाली बाटली खळखळून विसळली आणि ताज्या पाण्याने भरली. दोन्ही पाणी दिसायला सारखंच, नितळ.

"काय चाललंय?" दारातून बायकोने विचारलं. धाकट्याला मांडीवर घेऊन ती त्याच्या हातांना तेल चोळत होती.

"बाटली पुसतोय."

"तो साबण बदला आधी. पोराच्या अंगावर पुरळ बघा किती उठलंय."

"आणतो," तो म्हणाला.

बिट्टी केस पुसत बाहेर आली आणि तिने बाटली उजेडात धरली.

"बाबा, काल इतकी भरली नव्हती ही."

"तुला झोपेत काय आठवतंय?"

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. पोरगी आईवर गेलेली, सहजी थापा पचायच्या नाहीत. विषय बदलायला तो म्हणाला, "शाळेची आणि नाल्याची, दोनच बाटल्या? घरचं पाणी नाही घेतलंस?"

"घरचं काय तपासायचं?" ती हसली. "आपण पितोच की ते."

हापशावर आपली प्यायची बाटली भरून घेऊन ती निघाली. तिच्या मागून चालताना त्याला स्वतःची लाज वाटत होती. पोटच्या पोरीला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं, तेही अशा चोरट्या हाताने. पण डोक्यावरचं छप्पर तर राहील. पोरं रुसतात आणि विसरतात, अशी त्याने मनाची समजूत घातली.

सभागृह भरलं होतं. मालक पहिल्या रांगेत होते. त्यांनी वळून फोरमनकडे पाहिलं आणि त्याने हलकेच मान हलवली. काळजी नको.

विज्ञानाच्या बाईंनी बिट्टीच्या हातात औषध दिलं. तिने पहिल्या पेल्यात शाळेचं गाळलेलं पाणी ओतलं, थेंब टाकले. काही झालं नाही. दुसऱ्या पेल्यात नाल्याची बाटली रिकामी केली, थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं. मालकांनी खुर्चीत पाठ टेकली.

मग पेल्याच्या तळाशी एक रेघ उमटली. बघता बघता अख्खा पेला जांभळा झाला, वांग्याच्या सालीसारखा.

"हे पाणी कुठलं, सांग सगळ्यांना," बाई म्हणाल्या.

"आमच्या कारखान्यामागच्या नाल्याचं," बिट्टीने खणखणीत आवाजात सांगितलं.

आधी कुजबुज झाली, मग मागून टाळ्या सुरू झाल्या. मालक उठून उभे राहिले आणि फोरमनकडे असे बघू लागले की दुसरा कुणी असता तर जमिनीत गडप झाला असता. फोरमनचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. चिठ्ठी नाल्याची होती, पण पाणी त्याने स्वतःच्या हाताने भरलं होतं.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं. टाळ्यांच्या कडकडाटात हाक विरून गेली.

बोलून बोलून बिट्टीचा घसा सुकला होता. तिने दप्तरातून सकाळी घरून भरून आणलेली बाटली काढली आणि बाबांकडे बघून हसत घटाघटा प्यायली.