पाण्याचा डाग

"घ्या काकू, हातातच घेऊन जा. टपालात टाकलं तर चुरगळेल."

डेकवर मांडलेल्या टेबलामागून तरुण नौसैनिकाने पाकीट पुढे केलं. त्यावरचा शिक्का अजून ओला होता. युद्ध पाहिलेली ही जुनी विनाशिका त्या संध्याकाळी नौदलातून निवृत्त होणार होती, आणि हा तिचा शेवटचा शिक्का. मिरजेत बसून तीस वर्षं मी तिच्या शिक्क्यांची पाकिटं जमवली; तिला डोळ्यांनी मात्र त्या दिवशीच पाहिलं.

"चुरगळू दे," मी म्हणाले. "आजवर तिची सगळी पाकिटं प्रवास करूनच माझ्याकडे आली. हेही तसंच येईल."

आपापली कोरी करकरीत पाकिटं प्लास्टिकमध्ये सरकवत बाकीचे संग्राहक हसले. नौसैनिक हसला नाही. त्याने माझं पाकीट दोन्ही हातांनी टपालाच्या पिशवीत ठेवलं.

आठवड्याने ते दारात आलं. कोपरा दुमडलेला, आणि तिकिटाखाली पाण्याचा मोठा डाग. सून हळहळली.

"अगं, पाणी लागायचंच," अल्बमच्या पहिल्या पानावर ते लावत मी म्हटलं. "ती जन्मभर पाण्यातच होती."