बोकडाचा होकार

पुजाऱ्यानं घागरीतलं गार पाणी बोकडाच्या डोक्यावर ओतलं. सगळे बघत राहिले. बोकड ढिम्म हलला नाही.

"पाणी पवित्र झऱ्याचंच आहे ना?" म्हाताऱ्या दामोननं विचारलं. डेल्फीच्या पुजाऱ्याला असलं काही विचारायचं नसतं.

इथला नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाणी पडल्यावर बोकडानं शिंगांपासून खुरांपर्यंत अंग झाडलं, तर अपोलो देवळात आहे. मग बोकड वेदीवर जातो आणि माणसाचा प्रश्न आत तिवईवर बसून देवाचं उत्तर सांगणाऱ्या बाईकडे. नाही झाडलं, तर देव घरी नाही, आपणही घरी जायचं. त्यात आजचा दिवस हिवाळ्याआधीचा शेवटचा. उद्यापासून तीन महिने देव उत्तरेला, आपल्या हंसांच्या मुलखात.

दामोनचा प्रश्न एकच होता. गलबतावर सिसिलीला गेलेला त्याचा मुलगा स्ट्रातोन दोन वर्षं झाली तरी परतला नव्हता. तो आहे की गेला?

बोकडाचा दोर धरून दामोनची सून मिर्तली उभी होती. बायकांना देवळात मज्जाव. पण हा बोकड तिच्याशिवाय कुणामागे पाऊल टाकत नसे. आई मेलेलं करडू तिनं बोट दुधात बुडवून वाढवलं होतं. म्हणून तिला वेदीच्या पायरीपर्यंत येऊ दिलं होतं.

तिला उत्तर नको होतं. स्ट्रातोन जिवंत असेल तर येईल तेव्हा येईल. पण देव 'गेला' म्हणाला, तर तिच्या भावानं तिच्यासाठी दुसरं घर बघून ठेवलं होतं, आणि रीतीप्रमाणे तिची चार वर्षांची लेक अंथी आजोबाच्या घरात राहणार होती. आई एका गावात, लेक दुसऱ्या. नवऱ्याची आठवण तिला येत नसे असं नाही. पण दोन वर्षं कुशीत शिरत होती ती अंथी.

म्हणून महिनाभर ती रोज सकाळी बोकडावर विहिरीचं पाणी ओतत होती. पहिल्या दिवशी त्यानं असं अंग झाडलं की तीच चिंब भिजली. मग तिनं त्याला शिकवलं. पाणी पडलं की गप उभं राहायचं. पाठीवरून तिचा हात फिरला की मगच अंग झाडायचं, आणि वर मूठभर जव. पंधरवड्यात बोकड शहाणा झाला. चार दिवसांच्या डोंगरवाटेतही तिनं एक सकाळ चुकवली नाही. सासरा बिचारा वाटेत भेटेल त्याला सांगत होता, देवाच्या जनावराला माझी सून रोज आंघोळ घालते. ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुसरी घागर ओतली. बोकडाचा डावा कान हलला. पुजाऱ्यानं वाकून बघितलं आणि मान हलवली. नुसता कान चालत नाही.

"काय थंड जनावर आहे," मागून कोरिंथचा एक तेलवाला म्हणाला. "आमचा बघा, पाणी बघायच्या आधीच थरथरतोय. याला बहुतेक पुढचं सगळं माहीत आहे."

दोघंतिघं हसले. दामोन हसला नाही. तो पुजाऱ्याच्या पायाशी वाकला होता.

"पुजारीबाबा, चांगलंच सांगा असं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "त्याच्या नावानं थडगं बांधू का वाट बघू, एवढं कळलं तरी बास. त्याची आई रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन बसते हो."

मिर्तलीनं मान खाली घातली. बोकडाची ओली पाठ तिच्यापासून वीतभरही लांब नव्हती. एकदा हात फिरवला असता तर झालं असतं. म्हाताऱ्याची तिला फार कीव आली. तिनं दोर दोन्ही हातांत घट्ट धरला.

तिसरी घागर शेवटची. पुजाऱ्यानं ती सावकाश ओतली, शिंगांवर, मानेवर, पाठीवर. पाणी पोटाखालून ठिबकत राहिलं. बोकड मख्खपणे समोर बघत उभा होता.

पुजाऱ्यानं घागर पालथी घातली. "देव नाही," तो म्हणाला. "न्या याला घरी. वसंतात या."

तेलवाला आपला बोकड पुढे ओढू लागला. दामोन पायरीवर मटकन बसला. मिर्तलीला रडू आलं. तीन महिने. अख्खा हिवाळा अंथी तिच्याजवळ. आणि हा मुका जीवही वाचला.

"मामंजी, उठा," ती म्हणाली. "चल रे, तूही चल," असं बोकडाला म्हणत तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

बोकडानं अंग झाडलं. शिंगं, मान, पोट, शेपूट, थेट खुरांपर्यंत. पाणी दामोनच्या तोंडावर उडालं, पुजाऱ्याच्या पांढऱ्या वस्त्रावर उडालं.

पुजारी वळला. त्यानं एक हात वर केला.

"आला," तो म्हणाला.

दामोन धडपडत उठला. रडत रडतच त्यानं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या हातानं आला गं, पोरी," तो म्हणाला.

पुजाऱ्यानं तिच्या हातातून दोर घेतला. बोकड मात्र जागचा हलेना. तिची मिटलेली मूठ नाकानं ढोसत तो जव शोधत होता.