वीतभर फट

घराबाहेर राहून शिकणाऱ्या पोरीचं रात्रभर ढेकणांनी रक्त प्यायचं आणि दिवसभर घरमालकाने फोन उचलायचा नाही, असा दोघांचा जणू करारच झाला होता. दार वाजलं. “आला एकदाचा मालक,” म्हणत तिने धावत उघडलं, तर समोर आई, काखेत स्वतः शिवलेली रजई. तिने झटकन दार ओढून वीतभर फट ठेवली. ढेकूण म्हटलं असतं, तर आई बाह्या सरसावून आत घुसली असती, गादी झोडपत बसली असती आणि कपड्यांतून ढेकूण घरी तान्ह्या नातवापर्यंत पोचले असते. आईची नजर मात्र तिच्या गळ्यावरच्या लाल चट्ट्यांवर खिळली. “आत कोण आहे?” “आत येऊ नकोस,” म्हणत तिने मान खाली घातली. रजई उंबरठ्यावर ठेवून आई जिना उतरू लागली. वळणावर मागे न बघता म्हणाली, “मोठी शिवलीय. दोघांना पुरेल.”