पांढऱ्या अंड्यांचा संशय

यशोधरा पंधरा दिवसांनी माहेरून परतली, तेव्हा शेडमधली अंडी पांढरीशुभ्र झाली होती. ती गेली तेव्हा निळी होती. खाद्यात शिसं असलं की निळं अंडं घालणारी कोंबड्यांची ही नवी जात आल्यापासून निळ्या अंड्याला कुणी हात लावत नसे.

"तू गेलीस त्याच दिवशी खाद्य बदललं," तिचा नवरा दिनकर म्हणाला.

यशोधराला ते पटेना. "कोंबडीच्या हाडांत साठलेलं शिसं महिनोन्‌महिने कवचात उतरत राहतं. पंधरा दिवसांत कसं गेलं?"

"तुला चांगलं झालेलं बघवतच नाही!"

ती जाळी उघडून आत गेली. एरवी तिच्या पायांत घुटमळणाऱ्या कोंबड्या आज तिला बघताच कोपऱ्यात पळाल्या. भिंतीशी पोती मात्र जुन्याच खाद्याची होती.

"या आपल्या कोंबड्या नाहीत."

दिनकरने मान खाली घातली. "साध्या आहेत. यांचं अंडं काहीही खाल्लं तरी पांढरंच. खाद्य बदलणं परवडत नव्हतं."

"अंडी जातात कुठे?"

त्याने खिशातून अंगणवाडीची पावती काढून तिच्यापुढे धरली. तिने तिथूनच अंगणवाडीच्या मालनताईंना फोन लावला.

"ताई, आमची अंडी पोरांना देऊ नका. त्यांत शिसं आहे."

"अगं, पांढरीच तर आहेत!" मालनताई हसल्या आणि मग एकदम थांबल्या. "पांढरी बघूनच आठवडाभर पोरांना दोन-दोन वाढतेय गं मी."