चौथी ओळ

"आत कोण राहिलंय ते सांगा मॅडम, आणि कुठल्या खात्यात. पाच मिनिटांत सांगा," फायर ब्रिगेडचे साहेब लॅपटॉपवर वाकून म्हणाले. "दोघांनाच आत पाठवू शकतो. सिलिंडरमधली हवा वीस मिनिटांची. शोधत फिरायला वेळ नाही."

तळोज्याच्या त्या केमिकल कंपनीत गॅस गळत होता, आणि कंपनीचं कॉम्प्युटर सांभाळणारी सुमय्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसली होती. गेटवरच्या हजेरीच्या मशीनची फाइल तिनं मोबाइलच्या नेटवरून उतरवून घेतली होती. डोकी मोजायची म्हटलं तर अर्धी माणसं घाबरून नावड्याच्या दिशेनं पळालेली. मोजणार कुणाला, कपाळ! आता काय ती ही फाइलच.

आणि ते मशीन एक नंबरचं चक्रम. एका माणसाची माहिती एका ओळीत दे ना बाबा! नाही. कार्ड नंबर आणि नाव पहिल्या ओळीत, खातं दुसऱ्या, आत आल्याची वेळ तिसऱ्या, बाहेर पडल्याची चौथ्या. एकशे साठ माणसं, सहाशेच्या वर ओळी.

तिनं कमांड दिली: चार-चार ओळी जोडून एक कर. पहिली एकतीस माणसं सरळ आली. बत्तिसाव्यापासून सगळी घसरगुंडी. त्याच्या शेवटी वेळेऐवजी पुढच्याचंच नाव.

"या अल्ला, आत्ताच?" ती जवळजवळ रडली. मग तिच्या अंगावर काटा आला. ओळी घसरल्या, म्हणजे कुणाची तरी चौथी ओळ नाहीच. कुणीतरी बाहेर पडलेलंच नाही.

तिनं कमांड बदलली. ओळ मोजू नकोस. 'कार्ड' या शब्दानं सुरू होणारी ओळ आली की नवा माणूस धर, बाकीच्या त्याच्यामागे लाव. एंटर. एकशे एकोणसाठ ओळी पूर्ण. एकच तोकडी.

"देवजी भोईर! बॉयलर!" ती ओरडली.

मास्क चढवून दोघे जवान बॉयलरकडे धावले. दोरीपलीकडे उभी असलेली देवजीची बायको, जाई, ते नाव ऐकून रस्त्यातच खाली बसली. तिला कुणी पाणी दिलं, कुणी धरलं. दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं सुमय्याला सरता सरत नव्हती.

"जाई! अगं मी हाय ना हितं!"

गर्दीतून धापा टाकत देवजीच आला. जाईनं त्याला मिठी मारली आणि लगेच पाठीत दोन रट्टेही घातले. लोक चक्क हसले. साहेब मात्र हसले नाहीत. "मॅडम, तुमच्या मशीनपायी माझी माणसं जिवावर उदार होऊन आत गेलीत," म्हणत त्यांनी वायरलेस उचलला. "परत या. सगळे बाहेर आहेत."

सुमय्याला शरमेनं मान वर करवेना. तिनं तीच कमांड पुन्हा चालवली. पुन्हा तीच तोकडी ओळ. गेटातून बाहेर आलेले जवान मास्क उतरवत होते. सिलिंडर संपत आले होते.

"देवजीभाऊ, बाहेर पडताना कार्ड नाही मारलं का तुमी?"

"मारलं ना ताई! एक मारलं आनि मागनं असा लोंढा आला का सरळ रस्त्यावरच फेकला गेलो."

"एक म्हणजे?"

देवजीनं खिशात हात घातला. बाहेर काढला तेव्हा त्यात दोन कार्डं होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माज्यासंगं काम करनाऱ्या गोटीरामचा पाय अधू हाय, ताई. त्याला रांगेत उभं रावत नाय. म्हनून रोज दोगांची कार्डं मीच मारतो," तो म्हणाला. "आदी त्याचं, मंग माजं."