खुंटीवरचा डफ

चांदूर बाजारच्या जत्रेतला एक सवाल, साल अठ्ठावन्न. गोवऱ्यांची मंद धग. खुंटीवरचा डफ.

सवाल-जवाबात हरलेल्या शाहिरानं आपला डफ जिंकणाऱ्याच्या हवाली करायचा आणि तो परत मिळेस्तोवर फडात तोंड उघडायचं नाही, असा रिवाज. किसनरावानं तो वर्षभर पाळला. पावसाळा सरल्यावर मात्र त्याला राहवेना. डफ नुसता डोळ्यांनी बघावा म्हणून तो अकोल्याला, त्या जत्रेत आपल्याला हरवणाऱ्या चंद्रभानच्या घरी गेला. कातडं सैल पडलं असेल, उंदरांनी कुरतडलं असेल, असं धरूनच. भीतभीत बोट मारलं, तर डफ खणखणला.

"दर हप्त्याले धगीवर शेकतेत तुमचा डफ," चंद्रभानची बायको सुभद्रा म्हणाली. "पोराले बी इतकं नाई जपत."

"काहून रे?" किसनरावानं विचारलं.

चंद्रभाननं डफ खुंटीवरून काढला आणि किसनरावाच्या मांडीवर ठेवला. "तुह्याशिवाय भांडाले मजा नाई येत, लेका. पंचाइले मी सांगतो. घेऊन जाय, अन् औंदाच्या जत्रेत मले हरव."

जिंकल्या दिवसापासून चंद्रभानही कुठल्याच फडात गायला नव्हता.