केतकीची जर्सी

"काकू, गुडघ्यांची पार वाट लागलीय, आता तरी थांबा!" धावण्याचे प्रशिक्षक घोरपडे सर मैदानाच्या कडेवरून ओरडले.

कुमुदकाकूंच्या अंगात त्यांच्या लेकीची, केतकीची जर्सी होती. केतकी वर्षापूर्वी शर्यतीत कोसळली, ती उठलीच नाही. जुन्या कपड्यांचा कचरा उरू नये म्हणून खेळाडूंच्या जर्सीला शेवाळाचं जिवंत कापड सक्तीचं झालं होतं. ते घामावर जगायचं. घाम मिळाला नाही, की आठवड्यात त्याची माती व्हायची. म्हणून काकू रोज धावायच्या.

धापा टाकत त्यांनी सरांपुढे बाही धरली. "माझं मेलं नाक चोंदलंय. केतकीचा वास येतोय ना अजून?"

सरांनी हुंगलं. कापडाने तिचा घाम केव्हाच पचवला होता. वास काकूंचाच होता.

"येतोय," सर म्हणाले.

काकू लंगडत पुढच्या फेरीला निघाल्या.